‘शेती पाहतो’ या उत्तराखालची बेकारी

खान्देशात मुलीकडची माणसं स्थळ पाहायला आली की चहा संपायच्या आत एक प्रश्न येतोच: ‘मुलगा काय करतो?’ गेल्या चार-पाच वर्षांत त्याचं उत्तरही ठरून गेलंय: ‘शेती पाहतो.’ करतो नव्हे, पाहतो. करणारा अजून बापच असतो. मुलगा बी.एस्सी. किंवा आय.टी.आय. झालेला असतो, मध्ये दोन-तीन वर्षं सुरतेला नाहीतर चाकणला काढून आलेला असतो, आणि २०२० च्या टाळेबंदीत जो घरी आला तो परत गेलेला नसतो. मुलीकडच्यांनाही सगळं कळतं. ते बिस्कीट उचलतात आणि पाऊसपाण्याचं विचारतात. घरातली आजी मात्र शब्द घासूनपुसून वापरत नाही. ओट्यावर कुणी विचारलंच तर ती अहिराणीत सांगून मोकळी होते, ‘घर बठेल शे.’ घरी बसलाय.

या ‘बठेल’ पोराबद्दल आपल्याकडे वाद खूप होतो आणि जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी होतो. एक बाजू म्हणते, पोरांना कामच नको. मोबाइल सुटत नाही, पार सुटत नाही, आणि इकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही. दुसरी बाजू जरा सभ्य. ती म्हणते, पोरं चांगली आहेत हो, पण अंगात कौशल्य नाही. प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण मुळात दोघांचं म्हणणं एकच असतं: खोट त्या पोरात आहे. मला हे मान्य नाही. मंदीनंतर वर्षानुवर्षं रेंगाळणारी बेकारी माणसाच्या गुणदोषांतून उगवत नाही. मंदी त्याला घरी बसवते आणि मग घरी बसण्याचा काळच त्याला घरी बसवून ठेवतो. पहिल्या सहा महिन्यांत जे काम त्यानं डोळे झाकून केलं असतं, तेच काम चौथ्या वर्षी त्याला कुणी देत नाही. तेव्हा याला काय येतं यापेक्षा याला किती दिवस थांबवलं, हे आधी विचारायला हवं.

हे मी आधी घरात पाहिलं, वाचलं नंतर. खान्देश एके काळी गिरण्यांचा मुलूख होता. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव या गावांत भोंग्यावर घड्याळं लावली जात. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी पुढे याच भागातल्या गिरणी कामगारांच्या लढ्यात उतरले, तो हा मुलूख. माझे वडील आमच्या गावच्या गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, होते. ऐंशीच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि मी सातवीत. पहिल्या वर्षी ते रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन येत, कारण गिरणी पुन्हा सुरू होणार ही बातमी दर दिवाळीला येई. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोनदा युनियनच्या कचेरीत, फंडाची आणि थकलेल्या देण्यांची चौकशी करायला. तिसऱ्या वर्षी कुठेच नाही. गावातले शहाणे तेव्हाही म्हणत, ‘या गिरणीवाल्यांना दुसरं काम जमतच नाही, बसून खायची सवय लागली.’

आता त्या सवयीचा हिशेब करू. वीस वर्षं साचा चालवलेल्या माणसाकडे कौशल्य नव्हतं, असं कोण म्हणेल? त्याच काळात मालेगावात आणि सुरतेत यंत्रमाग वाढत होते, त्यांना साचा जाणणारी माणसं हवीच होती. गिरणीतले काही लोक लगेच गेलेही. बारा तासांची पाळी, ना फंड ना रजा, पगार आधीपेक्षा कितीतरी कमी. पण गेले आणि टिकले. वडील तीन वर्षांनी गेले. कारखान्याच्या मुकादमानं त्यांना साचा चालवून दाखवायलासुद्धा सांगितलं नाही. विचारलं एवढंच, ‘इतके दिवस काय करत होता?’ याला काय उत्तर देणार? ते रात्रीच्या गाडीनं परत आले आणि पुढची पंधरा वर्षं त्यांनी एका गोदामावर रात्रपाळीची राखण केली. हात तेच होते, डोळे तेच होते. तीन वर्षं तेवढी मध्ये येऊन पडली होती.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं असंच एक गिरणीचं गाव आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं जाऊन माणसांच्या रोजच्या जगण्याची बारीक नोंद घेतली. १९३३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बेकारांचे लोंढे आता क्रांती करणार, असं त्या काळी अनेकांना वाटत होतं. मारिएन्थालमध्ये उलटंच दिसलं. वेळ हवा तेवढा होता, वाचनालयाची फीसुद्धा माफ केली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. रस्त्यानं चालणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले. दिवस कसा गेला, हे त्यांना नीट सांगता येईना. त्या गावात कष्टाळूही असतील आणि अंगचोरही असतील. गिरणीनं बंद होताना अशी निवड केली नव्हती. सगळे एकदम बेकार झाले आणि मग त्यांच्या पायातली चाल गेली. पारावर रेंगाळणारं पोर पाहून आपण हा क्रम उलटा लावतो. हा असा रेंगाळतो म्हणून याला काम नाही, असं ठरवून टाकतो आणि पुढे निघून जातो.

यावर कुणी सरकारी आकडे पुढे करील, आणि ते आकडे खोटे नाहीत. केंद्राच्या श्रमबळ पाहणीनुसार देशातला बेकारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. मधल्या २०२०-२१ या वर्षी देशाचं उत्पादन ५.८ टक्क्यांनी घटलं, पण बेकारी त्या वर्षीही उतरलीच, ४.२ टक्क्यांवर. मग कुठली आलीय मंदीनंतरची बेकारी? अहो, कारखाने आणि बाजार बंद असताना बेकारी कमी झाली, हे वाचूनच शंका यायला हवी. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही या पाहणीत रोजगारात धरला जातो. एकूण काम करणाऱ्यांत अशा बिनपगारी मदतनिसांचं प्रमाण २०१७-१८ मधल्या १३.६ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये १८.३ टक्क्यांवर गेलं. शेतीवर असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. कारखानदारी वाढत जाणाऱ्या देशात माणसं शेतीतून बाहेर पडतात. आपल्याकडे ती मागं वळली. या वाढीत मोठा भाग शेतात उतरलेल्या बायकांचा आहे, हे कबूल करायलाच हवं. सगळे काही सुरतेहून परतलेले तरुण नाहीत. पण गडी परतला आणि त्याच दोन-तीन एकरांत बाईही राबू लागली, तर त्या दोन-तीन एकरांचं पीक काही दुप्पट होत नाही. पाहणीच्या कागदावर आजीचं उत्तर येत नाही. मुलीकडच्यांना दिलेलं उत्तर येतं.

सगळ्यांत जोरदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा, चोपड्याच्या कापूसवाल्याला विचारा. ऐन वेचणीत मजूर मिळत नाही. सातपुड्यातून, मध्य प्रदेशातून पावरा आदिवासी कुटुंबं आणावी लागतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा सालदार ठरवताना मालकच हात जोडतो. मग बेकारी कुठे आहे, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. पण वेचणी दोन-तीन महिन्यांची. पुढचे नऊ महिने काय? डोंगरातून येणारं कुटुंब लेकराबाळांसकट येतं, शेतातल्या पालात झोपतं, काम संपलं की निघून जातं. ती त्यांची अगतिकता आहे, तिला इतरांसाठी आदर्श कसं म्हणायचं? आणि सालदारीतून पोरगं सुटावं म्हणून ज्या बापानं कर्ज काढून त्याला शिकवलं, त्या पोरानं सालदारी का धरली नाही असं विचारणाऱ्यानं आधी स्वतःच्या पोराला विचारून पाहावं. एकाच तालुक्यात जुलैत पूर येतो आणि एप्रिलात टँकर येतो, यात आपल्याला काही चमत्कारिक वाटत नाही. मजुरांची टंचाई आणि बेकारी यांचंही तसंच आहे. माणसं आणि कामं एका वेळी, एका भावात, एका जागी भेटत नाहीत.

कौशल्याचं म्हणणं यापेक्षा अवघड आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. आपल्या पदव्या पोकळ आहेत. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनंच सांगितलं, की जेमतेम निम्मे, म्हणजे ५१.२५ टक्के पदवीधर नोकरीला लायक समजले जातात. ठीक. पण मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातल्या या आकड्याचं काय करायचं: २०२२ मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के आणि निरक्षर तरुणांत ३.४ टक्के? निरक्षर पोराकडे पदवीधरापेक्षा जास्त कौशल्य आहे म्हणून हे झालं? त्याला बसून राहणं परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हाच वाद अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर झाला होता. तिथे २७ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ काम शोधणाऱ्यांची वेगळी गणती होते. २०१० मध्ये बेकारांतले जवळपास ४५ टक्के लोक त्या रांगेत होते. तेव्हा मोठमोठी माणसं सांगत होती, की हे लोक आता नव्या कामांना लायकच उरले नाहीत. घरं बांधणारा गवंडी रातोरात परिचारिका कसा होणार? ऐकायला किती पटतं. पण बेकारीचा जो दर २००९ च्या ऑक्टोबरात १० टक्क्यांवर होता, तो २०१९ मध्ये ३.५ टक्क्यांवर आला. मधल्या काळात सगळे गवंडी परिचारिका झाले का? मागणी परत आली, मालकांना माणसं कमी पडू लागली, तेव्हा ज्यांचे अर्ज बाजूला पडत होते तेच लोक त्यांना चालू लागले. १९४० मध्येही तिथे दर शंभरांत चौदा-पंधरा लोक बेकार होते. युद्धाचे कारखाने धडाडले आणि १९४४ मध्ये ते प्रमाण १.२ टक्क्यांवर आलं. ज्यांना काहीच येत नाही असं म्हणत होते, त्यांच्याकडूनच विमानं बनवून घेतली. दहा वर्षं वाट पाहण्यात काहींची उमेद कायमची गेली, ते कामाच्या बाजारातूनच बाहेर पडले, हेही खरं. पण ती किंमत उशिराची होती.

२००८ च्या मंदीनंतरच्याच वर्षांत अमेरिकेतल्या एका संशोधकानं कंपन्यांना हजारो बनावट अर्ज पाठवले. सहा महिन्यांहून जास्त काळ रिकामा असलेला अनुभवी माणूस आणि नुकताच रिकामा झालेला, त्या कामाचा अनुभव नसलेला माणूस यांच्यात बोलावणं कुणाला जास्त आलं? बिनअनुभवीला. म्हणजे सुरतेच्या बाजूच्या मुकादमानं माझ्या वडलांना जे विचारलं, तेच अमेरिकेतली कंपनी अर्ज न वाचता विचारत होती. अर्थतज्ज्ञांकडे याला शब्दही आहे, हिस्टरिसिस. तो त्यांनी लोहचुंबकाच्या शास्त्रातून उचलला. चुंबक काढून घेतलं तरी लोखंडात थोडं चुंबकत्व मागं राहतं. ऐंशीच्या दशकात युरोपात मंदी सरली तरी बेकारी उतरेना, तेव्हा ब्लँचर्ड आणि समर्स यांनी १९८६ मध्ये हा शब्द बेकारीला लावला.

आता आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने, पुढे अकरा. ज्यांना काम नको असं आपण म्हणतो, ती पोरं दहा हजारांवर कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत राबली. मुदत संपली तेव्हा हीच पोरं आम्हाला कायम करा म्हणत रस्त्यावर आली. म्हणजे आळसाचा मुद्दा निकाली निघाला आणि कौशल्याचाही, कारण काम शिकून झालं होतं. शिकलेल्या कामाची जागा तेवढी पुढे नव्हती. नोकरी नसताना दिलेलं प्रशिक्षण म्हणजे विहिरीला पाणी नसताना बसवलेली मोटर.

‘पण ही पोरं सरकारी नोकरीच्या नादात आयुष्य घालवतात, त्याचं काय?’ घालवतात. तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी २०२३ मध्ये दहा लाखांवर अर्ज आले. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत तिशीला टेकलेली मुलं तीच गाईड चौथ्यांदा वाचताना दिसतात, आणि मलाही कधी कधी वाटतं की जाऊन त्यांना गदागदा हलवावं. यातली थोडीफार बेकारी त्यांनी स्वतः ओढवून घेतलेली आहे, हे मी नाकारत नाही. पण जरा त्यांच्या जागी बसून विचार करा. खासगी मालक विचारतो, ‘मधली चार वर्षं काय केलंत?’ सरकारी परीक्षा हे विचारत नाही. तिला फक्त गुण आणि वय लागतं. ज्याच्या अर्जात एकदा खिंडार पडलं, त्याला अख्ख्या महाराष्ट्रात हा एकच दरवाजा उरतो जिथं ते खिंडार कुणी मोजत नाही. मग तो तिथं रांग लावणार नाही तर कुठं लावणार? रांगेत आणखी दोन वर्षं गेली की खिंडार आणखी रुंद होतं, हे त्यालाही कळतं.

तेव्हा उपाय घाईचा हवा, आणि तो कामाच्या रूपातच हवा. इथे एक जुनी भीती आडवी येते: फुकट दिलं तर माणूस बिघडतो. १८७७ च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांना हीच भीती होती. दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणाभर पुरे, असं त्यांनी ठरवलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागं उभी राहिली. शंभर वर्षांनी याच महाराष्ट्रानं वेगळा विचार केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग केला होता. मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात तो विचार राज्यभर पसरला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, सुकडी खाल्ली. त्या पिढीला विचारा, बिघडलो का म्हणून. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला, आणि दिल्लीला तसं करायला २००५ उजाडलं.

खोटी हजेरीपत्रकं, अर्धवट सोडलेले रस्ते, ठेकेदाराची टक्केवारी हे सगळं रोजगार हमीत झालं. मी ते झाकणार नाही. आमच्याच शिवारात एक असा रस्ता आहे, जो बांधावर जाऊन अचानक संपतो. पण त्या योजनेची खरी मर्यादा वेगळी आहे. तिच्याकडे बी.एस्सी. झालेल्या पोरासाठी फावड्याशिवाय काही नाही, आणि शहरासाठी तर तेही नाही. केरळनं २०१० पासून आणि राजस्थाननं २०२२ मध्ये शहरात हमी देऊन पाहिली. महाराष्ट्रानं, ज्यानं हा विचार जन्माला घातला, त्यानं का पाहू नये? काम सुटल्यापासून सहा महिन्यांत एक वर्षाचं पगारी काम, जिल्ह्याच्या ठिकाणी, शिक्षणाला साजेसं. कामांना तोटा आहे का? पांझरा नदीवरच्या फड बागायतीचे, म्हणजे गावांनी मिळून चालवलेल्या जुन्या सिंचनाचे, बंधारे आणि पाट मोजायचे, दुरुस्त करायचे आहेत. जिथे पाटकरी आणि जागल्या पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटत होते, तिथे आज पाटाचा नकाशा धड सापडत नाही. विहिरींच्या पातळ्या, मातीचे नमुने, पालिकेच्या जलवाहिन्यांची गळती, जिल्हा परिषदेच्या शाळांत मागं पडलेल्या मुलांना संध्याकाळी वाचायला शिकवणं. यातलं काहीही करून वर्षभरानं पोरगं मुकादमासमोर उभं राहिलं, तर ‘इतके दिवस काय करत होता?’ याला त्याच्याकडे उत्तर असेल. मला या योजनेकडून मुख्यतः एवढंच हवंय. काम शंभर टक्के उपयोगाचं झालं नाही तरी मी चालवून घेईन.

राहिला पैशाचा प्रश्न. तो नेहमी पगारदार माणूस विचारतो, आमच्या करातून हे ऐतखाऊ का पोसायचे म्हणून. त्यानं आपली पगाराची स्लिप काढावी. वजावटीच्या रकान्यात पी.टी. असं लिहिलेलं असतं, म्हणजे व्यवसायकर. तो १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा हवा म्हणूनच बसवला गेला होता. जेवढा तो जमेल तेवढीच भर सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं होतं. कर तेव्हापासून कापला जातोय. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.